दोन क्लास, दोन मापं

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ ज्यांनी कधी खेळलेला नाही, त्यांनीही हा लेख पुढे वाचावा. खेळाबद्दल लागेल तेवढं सांगतोच. मुद्दा मात्र आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. एकाच माणसाला दोन गोष्टी व्हायचं असेल, तर नियम त्याच्याकडून काय किंमत घेतो? आणि ती सगळ्यांकडून सारखीच घेतो का?

आधी खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 मध्ये काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंचही. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. पात्राला वंश असतो: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग. आणि क्लास असतो, म्हणजे पेशा: फायटर, जादूगार, क्लेरिक, चोर. राक्षस मारले, संकटातून वाट काढली की अनुभवाचे गुण मिळतात. गुण साठले की लेव्हल वाढते. फासे टाकायचे, पेन्सिलीने कागदावर लिहायचं, बाकी सगळा खेळ बोलण्यातून.

कोपरखैरण्यात आमच्या घरी हा डाव रविवारी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर बसतो. डंजन मास्टर मी. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा मित्र कोपरखैरणे गावातला, आगरी घरातला. तिसरी खेळाडू माथाडी वसाहतीत राहते, नर्स आहे. तिची ड्युटी लागली की डाव पुढे ढकलतो. तिघंही मला मामूच म्हणतात. आम्ही 1989 ची दुसरी आवृत्ती खेळतो, कारण फोर्टच्या फुटपाथवर मला जुनं पुस्तक त्याच आवृत्तीचं मिळालं आणि नवी पुस्तकं महाग आहेत.

या जुन्या पुस्तकात दोन पेशे शिकायचे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला मल्टिक्लास. तो माणसाला बंद आहे. एल्फ, ड्वार्फ वगैरेंनाच उघडा. पहिल्या दिवसापासून दोन क्लास एकत्र चालतात. मिळालेले गुण दोन्हींत समान वाटले जातात. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, दोन्हींची सरासरी काढून ठरते.

दुसरा ड्युअल-क्लास. तो फक्त माणसाला. यात आधी एक पेशा करायचा, मग तो कायमचा थांबवायचा आणि दुसऱ्यात पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची. जुने हिट पॉइंट राहतात, पण जुनी विद्या वापरायची नाही. नव्या पेशातली लेव्हल जुन्या लेव्हलच्या वर गेली, तरच दोन्ही विद्या एकत्र वापरायची मुभा. तोवर जुनी विद्या वापरलीच, तर त्या चकमकीचे गुण शून्य आणि पूर्ण मोहिमेचे निम्मे. शिवाय प्रवेशाची अट वेगळी: जुन्या पेशाला लागणारा मुख्य गुणधर्म किमान 15 आणि नव्याचा किमान 17. तीन फाशांची बेरीज 17 किंवा 18 येणं म्हणजे 216 शक्यतांपैकी 4. एल्फला इतकी कडक अट नाही.

आगरी मित्राला बुद्धिमत्तेत 17 पडले. त्याने माणूस घेतला: आधी फायटर, मग जादूगार. भाच्याने एल्फ घेतला, फायटर आणि जादूगार एकत्र. त्यामुळे दोन्ही रस्ते एकाच टेबलावर शेजारी शेजारी चालायला लागले आणि मला वजन करून बघता आलं.

4,000 गुणांवर माणूस तिसऱ्या लेव्हलचा फायटर झाला. एल्फचे दोन्हीकडे दोन-दोन हजार, म्हणजे फायटर दुसऱ्या लेव्हलचा, जादूगार अजून पहिल्याच. इथे माणूस पुढे. मग त्याने तलवार म्यान केली. एकूण 6,500 गुण झाले तेव्हा माणूस दुसऱ्या लेव्हलचा जादूगार होता, फायटर कुलुपात. एल्फ दोन्हींत दुसऱ्या लेव्हलला आणि दोन्ही हात मोकळे. इथे माणूस मागे, बराच मागे. 14,000 गुणांवर माणूस जादूगार म्हणून चौथ्या लेव्हलला पोचतो, कुलूप उघडतं, तिसऱ्या लेव्हलचा फायटर परत मिळतो. एल्फ तेव्हा दोन्हींत तिसऱ्या लेव्हलला. म्हणजे शेवटी माणूस एका लेव्हलने सरसच.

मोठ्या आकड्यांतही चित्र फार बदलत नाही. अडीच लाख गुण धरा. एल्फ दोन्हींत आठव्या लेव्हलला. सातव्या लेव्हलला फायटर सोडलेला माणूस नवव्या लेव्हलचा जादूगार. बेरीज दोघांचीही 16.

हे आकडे मी वहीत लिहून ठेवले होते, कारण वाद होणार हे दिसत होतं. तो झाला त्या मधल्या काळात. एका गुहेत नर्सचा क्लेरिक जखमी होऊन पडला होता आणि त्याच्यावर दोन गॉब्लिन चालून आले होते. माणसाचे दिवसभराचे मंत्र संपले होते. दुसऱ्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला मंत्र दोनच. एल्फ गुहेच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला. आगरी मित्र म्हणाला, "मामू, तलवार माझ्या कमरेला आहे. मला ती चालवता येते. मी चालवणार."

त्याने चालवली. क्लेरिक वाचला. आणि नियमाप्रमाणे त्या चकमकीचे त्याचे गुण मी शून्य लिहिले, मोहिमेचे निम्मे केले. सोबतिणीचा जीव वाचवल्याबद्दल.

तो काही बोलला नाही, पण पुढचा रविवार त्याने बुडवला. भाचा म्हणाला, "मामू, तो उगाच रुसलाय. शेवटी त्याचाच माणूस माझ्या एल्फच्या पुढे जाणार आहे. तुम्हीच आकडे काढलेत ना?" आकडे बरोबर होते. तरी मला ते उत्तर पटलं नाही. का पटलं नाही, हे सांगायला मला अब्बांच्या धंद्याकडे जावं लागतं.

अब्बा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते. मापाड्याचं काम एकच: गोणी काट्यावर घ्यायची आणि जे असेल ते सांगायचं. ते म्हणायचे, शंभर गोण्यांचं एकूण वजन बरोबर आलं म्हणजे काटा बरोबर होता असं होत नाही. एका शेतकऱ्याची गोणी दोन किलोने कमी भरली आणि दुसऱ्याची दोन किलोने जास्त, तर बेरीज जुळते. पण ज्याचे दोन किलो गेले, तो त्या बेरजेला काय करणार? कुराणात एक पूर्ण सूरह माप मारणाऱ्यांवर आहे, अल-मुतफ्फिफीन. त्यात ठपका ठेवलाय तो घेताना पूर्ण आणि देताना कमी मोजणाऱ्यांवर, म्हणजे दोन मापं ठेवणाऱ्यांवर. अब्बांना ही सूरह तोंडपाठ होती आणि तिचा अर्थ ते मार्केटच्या भाषेत सांगायचे: काटा माणूस बघून हलता कामा नये.

आमच्या पुस्तकातला काटा माणूस बघून हलतो. बेरीज 16 आणि 16 आली, तरी एकाला वाटेत स्वतःचेच हात बांधून चालावं लागलं, दुसऱ्याला नाही. आणि कोणी कुठल्या वाटेने जायचं हे खेळाडूने ठरवलेलं नव्हतं. ते वंशाच्या रकान्यात लिहिलेलं होतं.

नियमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. गायगॅक्सने 1979 च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात मांडलं आहे की या खेळाचं जग माणसाभोवती फिरावं. एल्फला अंधारात दिसतं, झोपेच्या मंत्राचा त्याच्यावर बहुतेक वेळा परिणाम होत नाही, शिवाय दोन पेशे एकदम. मग माणूस कोण घेणार? म्हणून एल्फला छत घातलं. दुसऱ्या आवृत्तीत एल्फ फायटर म्हणून 12 व्या आणि जादूगार म्हणून 15 व्या लेव्हलच्या वर जाऊ शकत नाही, कितीही गुण मिळवले तरी. माणसाला छत नाही. म्हणजे एकाला वाटेत कुलूप, दुसऱ्याला वर कुलूप. दोन अन्यायांनी एकमेकांना तोलून धरलं आहे आणि त्याला समतोल म्हटलं आहे.

त्याच काळात निघालेल्या सोप्या आवृत्तीत तर, 1981 च्या बेसिक संचात, एल्फ हाच एक क्लास होता. ड्वार्फ हा क्लास, हाफलिंग हा क्लास. माणसाने पेशा निवडायचा, बाकीच्यांचा जन्म हाच पेशा. अमेरिकन मुलांना ते फक्त सोपं वाटलं असेल. आपल्याकडे बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी अशी आडनावं घेऊन फिरणाऱ्यांना त्यात वेगळं काहीतरी दिसतं. आपल्या आडनावांतच क्लास लिहिलेला आहे.

आता आपल्याकडे येतो.

मराठी मुसलमानाकडून लोकांना हवं असतं ते ड्युअल-क्लास. लग्नानंतर आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका एजंटने फोनवर अर्धा तास छान गप्पा मारल्या, मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाला, "मालकांना मराठी फॅमिली पाहिजे." मी म्हटलं, आम्ही मराठीच आहोत. तो म्हणाला, "तसं नाही हो." आणि त्याच वर्षी एका लग्नात, दस्तरख्वानावर, नात्यातल्या एका बुजुर्गांनी मला उर्दूत एक कागद वाचायला दिला. मी अडखळत वाचला. ते हसून म्हणाले, "ये तो मराठी हो गए." दोघांचं म्हणणं एकच होतं. एक हातातलं खाली ठेव, मग दुसऱ्याचा तुला हक्क.

आम्ही मात्र मल्टिक्लास आहोत. घरात दखनी, शाळेत मराठी; सकाळी मक्तबमध्ये अलिफ-बे, दुपारी वर्गात ज्ञानेश्वरांची ओवी. कुठल्याही दिवशी आम्ही एक सोडून दुसरं सुरू केलं नाही. लोक यावर सांगतात की म्हणूनच तुम्ही दोन्हीकडे अर्धे.

इथे मला खेळाचा तक्ता कामाला येतो. पुढच्या लेव्हलला लागणारे गुण साधारण दुपटीने वाढत जातात: फायटरला 2,000, मग 4,000, 8,000, 16,000. त्यामुळे निम्मे गुण मिळाले तर लेव्हल निम्मी होत नाही. अडीच लाखांचा निव्वळ फायटर नवव्या लेव्हलचा असतो, निव्वळ जादूगार दहाव्या. एल्फ दोन्हींत आठव्या. त्याने निम्मे-निम्मे गुण वाटले आणि एका बाजूला एक लेव्हल कमी पडली, दुसऱ्या बाजूला दोन. नुकसान आहेच. उर्दू माध्यमात शिकलेला माझा चुलतभाऊ दहावीपर्यंत जेवढं उर्दू वाचून बसला, तेवढं मी आजही वाचलेलं नाही. पण अर्धे गुण म्हणजे अर्धा माणूस, हा हिशोब चुकीचा आहे. कोणतीही गोष्ट शिकताना सुरुवातीच्या पायऱ्या स्वस्त असतात आणि शेवटची महाग. दोन गोष्टी शिकणारा माणूस शेवटची पायरी सोडतो, अर्धा जिना नाही.

आणि काही जण शेवटच्या पायरीवरही पोचतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतले होते आणि 'योगसंग्राम' लिहून वारकरी संतांत मानाने बसले. बार्शीत 1916 मध्ये जन्मलेले अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाले. संत साहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. यांच्यापैकी कोणाला एक काही म्यान करून ठेवल्यावर दुसरं मिळालं, असं नाही.

म्हणून माझी मागणी नियम सोपे करा अशी नाही. दोन गोष्टी व्हायच्या तर एक लेव्हल कमी राहील, ही किंमत मला मान्य आहे. ती वेळेची किंमत आहे आणि प्रत्येकाचा दिवस चोवीस तासांचाच. कुलूप मात्र मान्य नाही. बारावी लेव्हल आली, आता तुझ्या वंशाला पुढे जागा नाही, हे कुलूप आहे. तुला येतं ते वापरशील तर दंड, हेही कुलूपच. किंमत मेहनतीने फेडता येते. कुलूप कितीही मेहनत केली तरी जागचं हलत नाही, कारण ते जन्म बघून लावलेलं असतं.

आगरी मित्र दोन रविवारांनी परत आला. तेव्हा त्याने जे सांगितलं, ते माझ्या वहीत नव्हतं. त्याच्या आजोबांची भातशेती होती, खाडीत मासेमारी होती. 1970 मध्ये सिडको आली आणि 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करायचं ठरलं. त्या गावांत कोपरखैरणेही होतं. आज ज्याला आपण सेक्टर म्हणतो, तिथे शेतं आणि खाडीचा किनारा होता. पुढे जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जासईच्या बाजूला गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. ते मोठं यश होतं. पण त्याचे आजोबा शेतकरी राहिले नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर ते एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले, लेव्हल एक.

"मामू, आजोबांचे हिट पॉइंट शाबूत होते," तो म्हणाला. "हात तेच, ताकद तीच. जाळं विणायला बसले की बघत राहावं. पण त्याचे गुण कोण देणार?"

भाचा यावर गप्प बसला. त्यालाही वाशी मार्केटातले आपले नाना आठवले असतील, जे सोलापूरकडून गावाची जमीन सोडून आले होते. आमच्या टेबलावरचं प्रत्येक घर कुठून तरी काहीतरी सोडून या सेक्टरांत आलं आहे. माथाडी वसाहतीतलीही सगळी घरं तशीच. काहींनी सोडायचं ठरवलं होतं, काहींना सोडायला लावलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि फरक असतो तो इथेच.

मग आम्ही नियम बदलायला बसलो. दोन्ही रस्ते सगळ्या वंशांना उघडे, हे लगेच ठरलं. छत काढून टाकलं. तलवार म्यान करायची सक्तीही काढली: जुनी विद्या वापरलीत तर त्या चकमकीचे निम्मे गुण जुन्या पेशाच्या खात्यात जातील, निम्मे नव्याच्या. म्हणजे दंड नाही, वाटणी.

नर्सने तिथे अडवलं. ती म्हणाली, "मग एल्फला अंधारात दिसणं फुकट आणि बाकी सगळं सारखं. पुढच्या वेळी मी माणूस का घेऊ?" गायगॅक्सचीच शंका, पण कुलूप न लावता सोडवायची होती. बरीच घासाघीस होऊन माणसाला दहा टक्के जादा गुण द्यायचं ठरलं. ज्याला जन्माने काही कमी मिळालं, त्याला तेवढं भरून द्यायचं, हे तत्त्व आपल्या घटनेला नवीन नाही.

भाच्याला हे सगळं जरा विचित्रच वाटतं. तो 2023 मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट 3 वर वाढलाय. तिथे कोणीही कुठलाही क्लास कुठल्याही लेव्हलला घेतो. खेळ बनवणाऱ्यांनी हे दार 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीतच उघडलं आणि 2024 च्या पुस्तकांतून तर वंश हा शब्दही काढला. चांगलंच झालं. पण मी त्याला एक दाखवून दिलं. नव्या पद्धतीत लेव्हलच वाटल्या जातात, गुण नाहीत. दहाव्या लेव्हलचं पात्र दोन्हींत असेल तर पाच आणि पाच. जुन्या तक्त्यात आठ आणि आठ जमत होतं. दार सगळ्यांना उघडलं, आणि आत किंमत वाढली. दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या पाहिजेत: दार कोणाला उघडं आहे आणि आत गेल्यावर काय मोजावं लागतं. नुसतं "आता सगळ्यांना परवानगी आहे" एवढं ऐकून समाधान मानायची सवय आपल्याला खेळाबाहेरही फार आहे.

आमचे नियम छापील नाहीत, एका वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. चार जणांनी मिळून केले, चौघांवर सारखे लागतात, आणि कोणाला जाचले तर पुढच्या रविवारी बदलता येतात. आगरी मित्राचा माणूस सध्या जादूगार म्हणून तिसऱ्या लेव्हलला आहे. मागच्या मोहिमेत त्याने आधी मंत्र टाकला, मग तलवार काढली. मी गुणांची वाटणी लिहिली.